मावळतीकडे पाठ

खतीजाआपा सीताफळाच्या ढिगात हात घालते आणि न बघता सांगते, कुठलं आज खायचं, कुठलं उद्या, आणि कुठलं कुणीतरी चार दिवस आधीच झाडावरून ओरबाडून आणलंय. मांजरसुंब्याच्या चौकात, सोलापूरकडच्या गाड्या चहाला थांबतात तिथे, ती वीस वर्षं पाटी मांडून बसते आहे. नवरा दस्तगीर होता तोवर गाडा तो लावायचा आणि ती घरी फळं निवडायची. तो गेला, आणि इद्दतीचे, म्हणजे विधवेने घरात बसायचे, चार महिने दहा दिवस संपले त्याच्या दुसऱ्या सकाळी ती स्वतः चौकात जाऊन बसली. सीताफळ संपलं की पेरू, मग बोरं, उन्हाळ्यात खरबूज. बीडला आमच्या घरामागच्या गल्लीत ती राहते. सकाळी सातच्या टमटमने जाते, दिवेलागणीला परत येते. गिऱ्हाइकाशी गोड बोलणं तिला जमत नाही. आज फोडलं तर मला शिव्या द्याल, उद्या दुपारी फोडा, एवढंच सांगते, आणि फळ उद्या दुपारीच तयार होतं.

गेल्या डिसेंबरात ही बाई स्पेनच्या दक्षिणेला, डोंगरातल्या तीन लहान गावांत जाऊन आली. मुलाची कबर फिरवून घ्यायला गेली होती. त्यासाठीचा अर्ज मी लिहून दिला होता, म्हणून हे सगळं नीट लिहून ठेवावंसं वाटतं. तिथे जे घडलं ते थोडं तिने सांगितलं, बरंचसं माझ्या मुलीने.

अशफाक तिचा एकुलता एक. डिझेल इंजिनाचं काम तो बीडमधल्याच एका गॅरेजात शिकला, सहा वर्षं आखातात राहिला, आणि तिथल्या सोबत्याच्या ओळखीने स्पेनला गेला. ग्रानादा शहराच्या पलीकडे बर्फाचे डोंगर आहेत. त्यांच्या दक्षिणेकडच्या उतारावर, एकाच्या डोक्यावर एक अशी पांढरी गावं वसली आहेत. त्यातल्या एका गावात ट्रॅक्टर दुरुस्त करणाऱ्या गॅरेजात त्याला काम मिळालं. शुक्रवारी तो आईला फोन करायचा. एकदा म्हणाला, अम्मी, इथं खाली समुद्राकडे सीताफळासारखंच फळ पिकतं, पण त्याला डोळे नाहीत, सालीवर नुसते ठसे. तिचा विश्वास बसला नाही. डोळे नाहीत तर ते उघडलेले कसे दिसणार, आणि पिकलेलं कळणार कसं, असं तिने मला येऊन विचारलं होतं.

पुढे माझ्या संस्कृतीला ग्रानादाच्या विद्यापीठात पाणी नियोजन शिकायला शिष्यवृत्ती मिळाली. माझे यजमान केदारनाथ एका दिवसात हो म्हणाले. मी पंधरा दिवस घोळवत बसले. एकटी मुलगी, आजारी पडली तर पाणी कोण देणार, हाच विचार. खतीजाआपाने मला समोर बसवलं. "अशफाक हाय की तिथं. कावून घाबरताव, भाभी? माझं पोरगं बसस्टँडवर उभं ऱ्हाईल." आणि तो खरंच उभा राहिला होता, हातात खिचडीचा डबा घेऊन. मी मुलीला पाठवलं ते अशफाकच्या भरवशावर.

तिला जाऊन पाच महिने झाले आणि फेब्रुवारीत अशफाक गेला. एका शेतात ट्रॅक्टर बंद पडला होता. धुक्यात सकाळी तो गॅरेजची गाडी घेऊन निघाला आणि एका वळणावर गाडी खाली दरीत गेली. मय्यत इकडे आणायला कागदपत्रांत तीन आठवडे तरी जातील असं कळलं. घरात भाऊबंद जमले होते, वाद चालला होता. खतीजाआपाने सगळ्यांना थांबवून सांगितलं, तिथंच माती द्या, माझ्या लेकराला तीन आठवडे बर्फात ठेवू नका. निर्णय तिचा होता. त्या डोंगरात मोरोक्कोहून आलेल्या मजुरांचं एक लहानसं कब्रस्तान आहे, तिथे त्याला नेलं. आपल्याकडचं म्हणावं असं त्या दफनाला एकच माणूस होतं, माझी संस्कृती. ती कुंपणाशी उभी राहिली आणि आईला दाखवायला म्हणून तिने मोबाइलवर चार मिनिटांचं चित्रण केलं.

ते चित्रण खतीजाआपाने किती वेळा पाहिलं असेल, सांगता येणार नाही. एप्रिलमध्ये एका दुपारी ती आमच्याकडे आली, पाटीवर बसायची वेळ असून. मोबाइल माझ्या हातात दिला आणि विचारलं, ऊन कुठून येतंय ते बघा. मी पाहिलं. संध्याकाळ व्हायला आली होती. कबरीत उतरलेल्या माणसांच्या मागे डोंगर, आणि डोंगरावर टेकलेला सूर्य.

"सूर्य त्याच्या पाठीमागं हाय," ती म्हणाली. "मावळतीकडं पाठ केलीय माझ्या पोराची. उलटं निजवलंय त्याला, भाभी."

आपल्याकडे नमाजाला मावळतीकडे तोंड करतात, मक्का त्या बाजूला आहे म्हणून; त्या दिशेला किब्ला म्हणतात. माणूस गेला की त्यालाही उजव्या कुशीवर, मावळतीकडे तोंड करून ठेवतात. खतीजाआपाने हे कधी डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं. त्यांच्यात बायका कब्रस्तानात जात नाहीत. दस्तगीरला नेलं तेव्हाही ती उंबऱ्यापर्यंतच. पण लहानपणापासून ऐकलेलं तिला पक्कं होतं, आणि पन्नास वर्षं ती स्वतः रोज पाच वेळा त्याच दिशेला उभी राहत आली होती.

मी तिला सांगितलं की स्पेन मक्केच्या पलीकडच्या बाजूला आहे, तिथून मक्का उगवतीकडे पडते. संस्कृतीनेही फोनवर सांगितलं. खतीजाआपा मशिदीतल्या हाफिजसाहेबांकडे जाऊन आली. त्यांनी टेबलावर मधे मक्का म्हणून पेला ठेवला, एका बाजूला चष्मा, एका बाजूला अत्तराची कुपी, आणि दाखवलं. ती जी जी म्हणाली. परत आल्यावर मला म्हणाली, "चष्मा अन् कुपी. माझं लेकरू हाय ते."

तिला फक्त दिशेचंच दुःख होतं असं मला वाटत नाही. त्याला आंघोळ कुणी घातली, कबरीत कुणी उतरवलं, त्यातलं एकही तोंड तिला माहीत नव्हतं. अनोळखी माणसांनी घाईत उरकलं असेल, ही शंका तिला खात होती, आणि मावळतीचा सूर्य म्हणजे तिच्या दृष्टीने त्याचा पुरावा होता. शेवटी तिने ठरवलं, आपण जायचं आणि त्याला नीट करून घ्यायचं. तिची मोठी जाऊ जिनत गल्लीत ऐकू जाईल असं बोलली, बाया गावच्या कब्रस्तानात जात न्हाईत, अन् ही दर्यापल्याडच्या कब्रस्तानाला निघालीय. खतीजाआपाने पासपोर्ट काढला. गॅरेजच्या मालकाने बोलावण्याचं पत्र धाडलं. बाकीचं कसं जमवलं ते तिचं तिला माहीत, मी विचारलं नाही.

अर्ज मी लिहिला. 'माझ्या मुलाचे तोंड दफनाच्या वेळी चुकीच्या दिशेला ठेवले गेले आहे, तरी कबर उघडून ते योग्य दिशेला करण्याची परवानगी मिळावी.' ती चुकते आहे हे मला कळत होतं. पण पोटचं मूल ज्या डोंगरात गेलं तो डोंगर बघायला कुठली आई कारण शोधणार नाही? संस्कृतीने त्याचं स्पॅनिश केलं. मी तिला बजावलं, तू लहान आहेस, तुझ्या खतीजाखालाशी वाद घालू नकोस, ती म्हणेल तिथे घेऊन जा. आणि खतीजाआपाला विमानाला निघताना माझ्याकडून एकच सांगणं होतं: मुलगी नीट जेवते का ते बघून या.

ग्रानादाहून डोंगरात जाणारी बस वळणावळणाने चढते. खतीजाआपा खिडकीशी बसली होती, अंगात केदारनाथांचा जाड स्वेटर. प्रत्येक वळणाला ती संस्कृतीकडे बघायची, हेच का? संस्कृती मान हलवायची, नाही, अजून वर आहे. ते वळण आलं तेव्हा संस्कृतीने काही सांगितलं नाही. पण कठड्याचा एक तुकडा नवा होता, आणि खतीजाआपाने तो पाहिला.

गावांची नावं तिला शेवटपर्यंत नीट म्हणता आली नाहीत. ती पहिलं, दुसरं, तिसरं गाव असंच सांगते. पहिल्या गावात नगरपालिका होती. बस थांबते तिथे आठवड्याचा बाजार भरला होता आणि एका बाईपुढे ती बिनडोळ्यांची सीताफळं रचलेली होती. खतीजाआपाने सवयीने हात घातला. ती बाई कडाडली. संस्कृतीने ओशाळून सांगितलं, खाला, इथं फळाला हात लावायचा नसतो. "मग घ्यायचं कसं? फोटो बघून?" एवढं बोलून तिने ढिगातली तीन फळं वेगळी काढली आणि बोटाने खूण केली, आज. बाकीच्यांकडे हात केला, उद्या, परवा. त्या बाईने रागारागात तीनपैकी एक कापलं आणि चमचाभर खाल्लं. मग उरलेली दोन तिने खतीजाआपाच्या पिशवीत घातली. संस्कृती सांगते, त्या आठवड्यात खाला हसली ती तेवढीच.

नगरपालिकेतल्या कारकुनाने अर्ज दोनदा वाचला. तोंड कुठल्या दिशेला आहे म्हणता, त्याने विचारलं. उगवतीकडे. आणि कुठे हवं? मावळतीकडे. त्याने भिंतीवरच्या नकाशाकडे पाहिलं, मग खतीजाआपाकडे. कबर उघडायची तर वरच्या खात्याची परवानगी लागेल, तो म्हणाला. आधी कब्रस्तान राखणाऱ्या माणसाचं पत्र आणा, तो तिसऱ्या गावात राहतो.

रात्रीचा मुक्काम दुसऱ्या गावात, गॅरेजच्या वरच्या खोलीत झाला. अशफाक तिथेच राहायचा. त्या गावात शिरताना खतीजाआपा थबकली. घरांना उतरतं छप्पर नव्हतंच. सपाट धाबं, त्यावर राखाडी माती चोपलेली, आणि एका घराचं धाबं म्हणजे वरच्या घराचं अंगण. "ही तर आपली माळवदं हायेत," ती म्हणाली. उमापूरला तिचं माहेर. तिथल्या माळवदावर ती लहानपणी मिरच्या वाळत घालायची. इथेही भिंतींना लाल मिरच्यांच्या माळा लटकत होत्या. काळ्या कपड्यांतली एक म्हातारी दारात बसली होती. अशफाकची आई आलीय हे तिला आधीच कळलेलं असावं. ती उठली आणि खतीजाआपाचे दोन्ही हात धरून बराच वेळ उभी राहिली.

पहाटे संस्कृतीला जाग आली तेव्हा खतीजाआपा नमाजाला उभी होती. तोंड मावळतीकडच्या कपाटाकडे. तिच्या पाठीमागच्या खिडकीत डोंगर हळूहळू उजळत होता. संस्कृती पांघरुणात तशीच पडून राहिली. मी बजावलं होतं म्हणून, आणि तिचाही धीर झाला नाही म्हणून.

तिसरं गाव सगळ्यांत वर. कब्रस्तान राखणारा माणूस मोरोक्कोचा, सत्तरीचा, बदामाच्या बागांत राबून वाकलेला. तो फाटकाशीच वाट बघत होता. त्याने सलाम केला आणि फाटक उघडून बाजूला झाला. खतीजाआपा आत पाय टाकेना. तिने संस्कृतीकडून विचारवलं, बाईमाणसाला चालतं का? म्हाताऱ्याने छातीवर हात ठेवून आत वाट दाखवली. आयुष्यात पहिल्यांदा ती कब्रस्तानात शिरली.

जागा लहान, पायऱ्यांच्या शेतासारखी. वीस-बावीस कबरी. अशफाकची शेवटून दुसरी, उशाशी एक दगड आणि त्यावर नाव. ती तिथे खाली बसली. रडली नाही. दगडावरून हात फिरवला, मग मातीवरून. मग दुआ मागायला उठली आणि पन्नास वर्षांच्या सवयीने मावळतीकडे वळली. म्हाताराही हात उचलून उभा राहिला, पण दरीकडे, उगवतीच्या अंगाला तोंड करून. दोघं पाठीला पाठ लावल्यासारखे उभे होते. म्हाताऱ्याने मागे वळून पाहिलं, पण तिला टोकलं नाही.

दुआ संपल्यावर तिने आजूबाजूला पाहिलं. सगळ्या कबरी एकाच दिशेला होत्या. एकूण एक. ती एकेका कबरीपाशी जाऊन उभी राहिली. काही जुन्या, दगड झिजलेले. दोन अगदी लहान, लेकरांच्या. बराच वेळ गेला. संस्कृतीला वाटलं आता कागद काढायचा, म्हणून तिने पिशवीतून अर्ज आणि पेन काढलं.

म्हाताऱ्याशी बोलायला संस्कृतीची गरज लागणार असं दोघींनी धरलं होतं. पण खतीजाआपाने कबरीकडे बोट करून नुसतं विचारलं, "किब्ला?" आणि त्याला कळलं. कब्र, कफन, किब्ला हे शब्द त्या दोघांचे आधीपासूनच एक होते. त्याने हात लांब करून दरीपलीकडची कड दाखवली आणि म्हणाला, मक्का. तिने त्याच्या हाताच्या रोखाने पाहिलं. मग तोच हात आणखी पुढे केल्यासारखी खूण करून त्याला विचारलं, आणि हिंदुस्थान? म्हाताऱ्याने हात हलवला नाही. त्याच रोखाने बोटं आणखी पुढे झटकली. तिकडेच, लांब.

खतीजाआपा खाली बसली. संस्कृती सांगते की ती स्वतःशीच बोलावं तशी बोलली, पण शब्द अगदी स्पष्ट होते.

"एक माणूस बीडहून निघाला. एक पलीकडल्या चौसाळ्याहून निघाला. दोघांला मांजरसुंब्याला यायचंय. त्यांची तोंडं कुणीकडं असतील?" मग तिचं तिनेच उत्तर दिलं. "एकमेकाकडं असतील, बाई."

चष्मा आणि कुपीने जे झालं नव्हतं ते रोजच्या रस्त्याने झालं. मक्का मधे, अलीकडे बीड, पलीकडे हा डोंगर. ती घरी मावळतीकडे तोंड करून उभी राहते तेव्हा त्याचं तोंड तिच्याकडेच असतं. हे तिने मला परत आल्यावर सांगितलं, आणि सांगताना हातांनी रस्ते दाखवले.

पण तेवढ्याने ती उठली नाही. तिने म्हाताऱ्याला विचारवलं, याला आत कुणी ठेवलं. तो म्हणाला, मी. आंघोळ? मीच, आणखी दोघं होते. तोंड मोकळं केलं होतं का, गाल मातीला लागला होता का? हे संस्कृतीला स्पॅनिशमध्ये नीट सांगता येईना. म्हाताऱ्याने हात वर करून तिला थांबवलं. मग तो वाकला, गुडघे टेकले, आणि दोन कबरींमधल्या गवतावर उजव्या कुशीवर आडवा झाला. गाल मातीला लावला. एक हात पाठीमागे नेऊन दाखवलं, इथे मातीची ढेकळं लावली होती, कलंडू नये म्हणून. चेहऱ्यावरून बोटं फिरवून दाखवलं, कफनाची गाठ इथे सोडली. मग डोळे मिटून तो तसाच पडून राहिला, दरीकडे तोंड करून. डिसेंबरची थंडी होती, गवत ओलं होतं. खतीजाआपा त्याच्याकडे बघत राहिली. तिचं बघून होईपर्यंत तो उठला नाही.

तो उठल्यावर तिने त्याच्या कोटाला लागलेलं गवत हाताने झटकलं. सख्ख्या भावाचं झटकावं तसं. तेव्हा ती रडली.

अर्ज संस्कृतीच्या हातातच होता. म्हाताऱ्याने विचारलं, यावर मी काय लिहून द्यायचं आहे? खतीजाआपाने तो कागद घेतला, घडी केली आणि स्वेटरच्या आत ठेवला. मग तिने विचारलं, मी आता माती देऊ का? दफनाच्या वेळी प्रत्येक जण तीन मुठी माती देतो. तिच्या घरचं कुणी नव्हतं, त्या तीन मुठी राहून गेल्या होत्या. म्हातारा विचारात पडला. असं नंतर कुणी देत नाही, तो म्हणाला. तरी फाटकाजवळच्या खोपटात जाऊन कुदळ घेऊन आला. दहा महिन्यांत माती बसून घट्ट झाली होती. कबरीच्या कडेची जमीन त्याने हळूहळू भुसभुशीत केली, खडे वेचून बाजूला टाकले, आणि मग कुदळ खाली ठेवून मागे सरकला.

त्या दिवशीची उतरणीची शेवटची बस गेली. इकडे बीडला आमची जेवणं झाली, तरी संस्कृतीचा फोन नाही. ती रोज न चुकता करते. लावावा तर लागत नव्हता. मला ते वळण न पाहताही दिसत होतं. केदारनाथ म्हणाले, डोंगरात रेंज नसेल, तू बस जरा. मी देवघरासमोर उभी राहिले, तिथूनही उठून पुन्हा दारात आले.

नऊ वाजता फोन आला, म्हाताऱ्याच्या घरातून. आई, आम्ही वरच राहतोय, सकाळच्या बसने उतरू, संस्कृती म्हणाली. मी तिला रागावले. ती ऐकून घेत राहिली, आणि मग म्हणाली, खालाला बोलायचंय.

"भाभी," खतीजाआपा म्हणाली, "पोरगी नीट जेवती. काळजी करू नका." मग म्हणाली, "अर्ज दिला न्हाई. तुमची मेहनत वाया गेली."

मी विचारलं, मग आता कसं वाटतंय तुम्हाला?

पलीकडे कुणीतरी भांडी लावत होतं, त्याचा आवाज येत होता.

"माती दिली," ती म्हणाली.